लायसन्सवरची जयवंती

७ जुलै १९८६, सोमवार

"या घरात जयवंती एकच. ती मी."

बावीस वर्षांपूर्वी मिरजेच्या मांडवात सासूबाई हे म्हणाल्या. रागाने नाही, सहज. ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिणं चाललं होतं. माझं माहेरचं नाव जयवंती आणि सासूचंही जयवंती. एका नावाच्या सासू-सुना एका घरात कशा चालतील? म्हणून मी विद्युलता झाले. नाव लांब होतं, ताटात मावेना. शेवटचा 'ता' अगदी काठावर गेला होता, एवढं मला स्पष्ट आठवतं.

आज ते आठवलं एका फॉर्ममुळे. अशोकनी आणून दिलाय, मोटार चालवायला शिकण्याच्या परवान्याचा. पहिलाच रकाना: नाव, वयाच्या दाखल्याप्रमाणे. (वहीत मी 'अशोक' लिहिते. तोंडाने अजून 'अहो'च म्हणते.)

झालंय असं की अशोकची बदली जबलपूरला झाली. सहा ऑक्टोबरला तिथल्या कारखान्यात हजर व्हायचं, दोन वर्षांसाठी. आईंना तिकडे नेणं शक्य नाही. मार्चमध्ये न्हाणीघरात पडून त्यांचा उजवा खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी गिंडीच्या पलीकडच्या दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा-आठ महिने एकही दिवस चुकवू नका, नाहीतर वॉकर आयुष्यभर सुटणार नाही. आणि ऑटो नको. एकदा ऑटोने नेलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच चाक खड्ड्यात गेलं. आई ओरडल्या नाहीत. घरी आल्यावर पाहिलं तर खालचा ओठ दातांनी फुटलेला.

सध्या अशोक अर्धी रजा टाकून आमच्या जुन्या हेराल्ड गाडीतून नेतात. ऑक्टोबरपासून कोण नेणार?

काल जेवताना म्हटलं, "मी नेईन. मी शिकते गाडी."

अशोक हसले. मग मी हसत नाही हे पाहून थांबले.

आई ताटातून वर न बघता म्हणाल्या, "एकदा पडलेय मी. दुसऱ्यांदा पाडू नकोस म्हणजे झालं."

त्रेचाळीस वर्षांची आहे मी. सायकलसुद्धा चालवली नाही कधी.


११ जुलै, शुक्रवार

परवान्याच्या ऑफिसात दोन तास उभी होते. माझं तमिळ भाजी घेण्याइतपत चांगलं आहे, तिथे अपुरं पडलं. खिडकीत विजयलक्ष्मी नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, वेणीत मोगऱ्याचा गजरा. त्यांनी फॉर्म पाहिला, मॅट्रिकचं सर्टिफिकेट पाहिलं, मग मला पाहिलं.

"नाव?"

"विद्युलता मिरीकर."

"इथे जयवंती गुंडो देशिंगकर लिहिलंय."

"तीही मीच."

"हे गुंडो कोण?"

"वडील."

"मग मिरीकर तुमच्या नवऱ्याचं नाव?"

"नाही, ते आडनाव. नवऱ्याचं नाव अशोक."

"आडनाव म्हणजे? गावाचं नाव?"

"हो, तसंच."

"आणि देशिंगकर?"

"तेही गावाचंच."

"अय्यो. गावं दोन, नावं दोन आणि बाई एकच?"

रांगेतले सगळे हसले. मलाही हसू आलं. मी सांगितलं की आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. त्यांचा विश्वास बसेना. "इनिशियल बदलतं, अम्मा. वडिलांचं जातं, नवऱ्याचं येतं. माझंही तसंच झालं. पण नाव? माझं नाव कुणी बदललं असतं तर मी हाकेला वळलेच नसते."

मग त्यांनी चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून दिलं. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून आणायचं की या दोघी एकच.

"कुणी करायचं?"

"ज्यांनी बदललं त्यांनी."

"नवरा चालणार नाही?"

"नवरा काय, तुम्ही बोट ठेवाल तिथे सही करेल. घरातलं मोठं माणूस आणा. आणि लक्षात ठेवा, लायसन्स दाखल्यावरच्या नावानेच मिळणार. जयवंती."

बाहेर आल्यावर मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. जयवंती मिरीकर. असं नाव मला कधीच नव्हतं. माहेरी आडनाव वेगळं होतं आणि सासरी नाव. ही बाई नवीनच आहे.


१३ जुलै, रविवार

आईंना विचारलं. नाही म्हणाल्या.

"उभ्या जन्मात कोर्टकचेरी केली नाही मी."

"कोर्ट नाही हो आई. नोटरी. झाडाखाली टेबल टाकून बसतात."

"काय विचारतात?"

"माझं नाव तुम्ही बदललं का, एवढंच."

"आणि माझं?"

"तुमचं काय विचारणार? नाव, वय, पत्ता."

पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाल्या, "नको. अशोकला सांग काहीतरी मार्ग काढायला."

मला फार राग आला. लिहून ठेवते, म्हणजे मनातून जाईल. नाव बदलायला त्यांना एक मिनिट पुरलं होतं, एक अंगठी आणि मूठभर तांदूळ. तेच सांगायला अर्धा तास देववत नाही. आणि हे सगळं चाललंय कुणाच्या पायासाठी? मला वाटतं, जयवंती नावाचं लायसन्स त्यांना नकोच आहे. त्यांचं नाव, खाली माझा फोटो. ते त्यांना सहन व्हायचं नाही.


२० जुलै, रविवार

अशोकनी बॉनेट उघडून दाखवलं. पाणी कुठे घालायचं, तेल कसं बघायचं, पट्टा कुठला. मला वाटलं होतं त्यापेक्षा आत बरंच कमी सामान असतं.

पाणी घालायला मी फळीवरचा जुना पितळी तांब्या घेतला. तो कायम भिंतीकडे तोंड करून मागे ठेवलेला असतो. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी 'तुळसी' असं नाव घातलंय. आईंच्या कुणा आत्या-मावशीचा असावा. आई व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांनी लांबून पाहिला.

"तो नको. प्लास्टिकचा मग घे."

"पाणीच तर घालायचंय."

"तो नको म्हटलं ना."

गाडीच्या पाण्यासाठी पितळेचा तांब्या वापरणं त्यांना बरं दिसलं नसेल. शेवटी प्लास्टिकचाच घेतला.


२४ जुलै, गुरुवार

आज सकाळी आई वॉकर घेऊन आपल्या आपण स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या. घामाने चेहरा भिजला होता.

"शनिवारी जाऊ त्या झाडाखाली."

मी विचारलं, एकदम कसं काय?

"त्या ऑटोवाल्याचं तोंड मला परत बघायचं नाही."

तूप कढत होतं, ते बघ म्हणाल्या.


२६ जुलै, शनिवार

सगळं नीट लिहायला हवं.

अशोकनी गाडी अगदी टेबलापर्यंत नेली. आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसूनच राहिल्या आणि नोटरी आपली खुर्ची उचलून खिडकीशी आले. म्हातारे गृहस्थ, कपाळावर विभूती. त्यांना मराठी येत नाही, आईंना तमिळ येतं पण भीती वाटली की मराठीच बोलतात. मध्ये मी.

नाव सांगितलं. जयवंती. नवऱ्याचं नाव कृष्णकांत, वारले. वय एकाहत्तर. टायपिस्ट खटाखट टाइप करत होता.

"या सुनेचं नाव तुम्ही बदललंत?"

"हो."

"का?"

"माझं तेच होतं म्हणून."

नोटरींना गंमत वाटली. त्यांनी नुसत्या कुतूहलाने विचारलं, "तुमच्यात सगळ्याच बायकांचं बदलतात का?"

मी ते आईंना सांगितलं. त्या खिडकीतून पलीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बहुतेकींचं. माझंही बदललं होतं."

मी बावीस वर्षं त्यांच्या घरात आहे. मला हे माहीत नव्हतं. अशोककडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं. स्टिअरिंगवरचा त्यांचा हात तसाच राहिला.

"आधीचं काय?" नोटरींनी विचारलं.

आईंना वेळ लागला. मला वाटलं विसरल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुळसी."

मी नोटरींना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "चांगलं नाव. पण या कागदाला त्याची गरज नाही."

टायपिस्टने पुढचं वाक्य घेतलं.

थोड्या वेळाने आईंनी मला विचारलं, "लिहिलं का त्यांनी?"

"नाही आई. या कागदाला लागत नाही म्हणाले."

"बरं," म्हणाल्या. मग सही केली. 'जयवंती कृष्णकांत मिरीकर', एकेक अक्षर सुटं, रेघ शेवटी एकदम ओढली.

तांब्याचं आज कळलं. पण नोटरीकडे यायला इतके दिवस नको नको का म्हणत होत्या, ते अजून नीट कळलं नाही. कंटाळा, दुसरं काय.


४ ऑगस्ट, सोमवार

एल.एल.आर. मिळालं! शिकाऊ परवान्याला इथे सगळे तेच म्हणतात. विजयलक्ष्मीबाईंनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. मग साहेबांनी तक्त्यावरच्या खुणा विचारल्या. शाळा, वळण, रेल्वेचं फाटक, उतार. सगळ्या आल्या. पंचवीस वर्षांनी परीक्षा दिली आणि पास झाले. येताना स्वतःसाठी गजरा घेतला, उगाच.

अशोकनी पुठ्ठ्यावर लाल रंगाने मोठा 'एल' काढून गाडीला लावला. आईंनी विचारलं, हे काय?

"मी शिकतेय, बाकीच्यांनी सांभाळून राहावं म्हणून."

"मग हा बावीस वर्षांपूर्वीच तुझ्या पाठीवर लावायला हवा होता."

अशोक इतके हसले की रंग सांडला.


९ ऑगस्ट, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या कृष्णवेणींनी त्यांच्या नात्यातले राणोजीराव आणून दिले. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात, साठीचे, पांढऱ्या मिशा. कृष्णवेणींसारखेच तंजावरचे मराठी. त्यांची भाषा ऐकली की जुनी पत्रं वाचल्यासारखं वाटतं, मधूनच तमिळ येतं आणि परत जुनं मराठी. सकाळी ते शाळेच्या गाडीवर असतात, मला संध्याकाळी पाऊण तास.

आज गाडी चौदा वेळा बंद पडली. मी मोजली.

"बाई, तुम्ही क्लचास वैरी समजतां. भाऊ समजावें. भावास निरोप कसा द्याल? धाडदिशी दार लावून? तसें नव्हे. हळूं, हळूं सोडावें."

पंधराव्यांदा मी क्लच हळूहळू सोडला आणि गाडी पुढे गेली. माझ्या पायाने, माझ्या हाताने. मैदानाच्या त्या टोकापर्यंत.


२२ ऑगस्ट, शुक्रवार

वाईट दिवस. कोडंबाक्कमच्या पुलावर चढाला गाडी थांबली आणि मागे सरकली. मागे बस. बसचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून जे बोलला ते मला सगळं समजलं. तमिळ अपुरं आहे असं इतके दिवस उगाच समजत होते.

मी डोळे मिटून घेतले होते. राणोजीरावांनी हँडब्रेक ओढला.

"भय वाटलें तर वाटूं द्यावें," ते म्हणाले. "डोळे मात्र उघडे पाहिजेत. परीक्षा घेणारा तो ब्रेक इन्स्पेक्टर इथेंच गाडी उभी करवितो, पुलाच्या मध्यावर. गाडी वीतभर मागें आली तरी तो घरीं पाठवितो."

घरी येऊन म्हटलं, मला जमणार नाही. अशोक म्हणाले, टॅक्सीवाला ठरवून टाकू. आई म्हणाल्या, "टॅक्सीवाला मला उचलून बसवणार आहे का? आणि मी कण्हले तर थांबणार आहे का?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागे आली म्हणजे काय झालं? पाय कुठे होता तुझा? मला सांग नीट."

मी सांगितलं. डावा इथे, उजवा इथे, हात इथे. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.


३१ ऑगस्ट, रविवार

डॉक्टर परवा म्हणाले की आईंच्या उजव्या पायात चांगला जोर आलाय, अपेक्षेपेक्षा लवकर. घरी वेगळा काही व्यायाम घेता का? मी म्हटलं, नाही. कशाने कोण जाणे.

हल्ली रोज राणोजीराव गेले की मी पाणी पिता पिता त्या दिवशीचं सगळं सांगते. आई खुर्चीत ताठ बसून ऐकतात. मी 'ब्रेक' म्हटलं की त्यांचं पाऊल फरशीवर दाबलं जातं. सवय आहे बहुतेक, ऐकताना पाय हलवायची.


४ सप्टेंबर, गुरुवार

कसं लिहू.

परीक्षा होती. नऊ वाजल्यापासून आम्ही पंचवीस-तीस जण आवारात झाडाखाली उभे होतो. राणोजीराव चहा प्यायला गेले. एक शिपाई पायरीवर उभा राहून यादीतली नावं पुकारत होता. माणूस पुढे जायचा, इन्स्पेक्टर गाडीत बसायचे, गाडी जायची.

"जयवंती!"

मी फाटकाकडे पाहिलं.

"जयवंती! जयवंती!"

मला खरंच वाटलं आई आल्यात. पायाला हे सोसणार नाही, आणि हा माणूस त्यांना एकेरीत काय हाक मारतोय, असं मनात आलं. मी फाटकापर्यंत गेले, त्यांना हात द्यायला. बाहेर रस्त्यावर डोकावून पाहिलं. परत आले तोवर शिपायाने नावापुढे फुली मारून पुढचं नाव घेतलं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

धावत गेले. मीच ती, म्हटलं. शिपाई म्हणाला, तीनदा पुकारलं, अम्मा. इन्स्पेक्टर म्हणाले, पुढची तारीख घ्या.

खिडकीतून विजयलक्ष्मीबाईंनी सगळं पाहिलं असावं. त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणाले होते ना मी? हाकेला वळलेच नसते म्हणून?" पण नवी तारीख शोधायला त्यांनी रजिस्टरची पानं तीन वेळा उलटली. सगळ्यात जवळची मिळाली सव्वीस सप्टेंबर.

अशोक एक ऑक्टोबरला निघतात. ते गेले की शेजारी बसायला घरात लायसन्सवालं कुणी नाही आणि एलचा पुठ्ठा लावून एकटीने चालवता येत नाही. सव्वीसला नाही जमलं तर आईंचा व्यायाम बंद. एवढं साधं आहे ते. आणि मी स्वतःच्या नावाला ओळखलं नाही.

घरी सांगताना रडू आलं. अशोकनी पाठीवर हात ठेवला. आईंकडे पाहिलं. मला वाटलं आता टोमणा येणार. आला नाही.


५ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी मी भेंडी चिरत होते. आईंच्या खोलीतून हाक आली.

"जयवंती!"

मी चिरत राहिले.

"जयवंती!"

कुणाशी बोलताहेत, असं वाटलं. परत तेच, परत तेच. शेवटी, "अगं जयवंती, बहिरी झालीस का?"

मी विळी तशीच टाकून गेले. आई पलंगावर बसल्या होत्या, हातात जपमाळ. पण मोजत वेगळंच होत्या.

"सातव्या हाकेला आलीस. तो माणूस तिसरीला पुढे जातो."

बावीस वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांना आठवत असेल का? विचारायचा धीर झाला नाही.

"काय काम होतं, आई?"

"काही नाही. जा, भेंडी चिर."


१५ सप्टेंबर, सोमवार

आता दिवसातून वीस-वीस वेळा. न्हाणीघरात असले तरी, कपडे वाळत घालत असले तरी. कधी इतक्या हळू की ऐकू येऊ नये, कधी वॉकरने फरशी ठोकत. माझ्याकडे हिंदीच्या शिकवणीला येणारी मुलं बसलेली असतात, त्यांनाही समजलंय. हाक आली की तीच सांगतात, "मामी, तुम्हालाच!"

कृष्णवेणींनी जिन्यात अडवून अशोकना विचारलं, "घरीं कोणी पाहुणी आली काय वो? जयवंती, जयवंती म्हणून रोज हाक ऐकूं येते."

अशोक म्हणाले, "पाहुणी नाही. परत आलीय."

हे त्यांनी मला रात्री सांगितलं, सहज. मी कूस बदलून बराच वेळ भिंतीकडे बघत होते.

काल पहिल्या हाकेला वळले. आई म्हणाल्या, "हं." त्यांच्या तोंडचा 'हं' म्हणजे शंभरपैकी ऐंशी.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

शिपायाने 'जय' म्हणेपर्यंत मी पायरीशी होते.

"तुम्हीच ना?"

"मीच जयवंती."

सकाळी घरातून निघताना आई म्हणाल्या होत्या, "ऐकू आलं नाही तर इथून ओरडेन." मनात ते होतं म्हणून हसू आलं असेल. इन्स्पेक्टर म्हणाले, हसताय कशाला?

हाताच्या खुणा केल्या. उजवीकडे, डावीकडे, थांबतेय. चार खांबांच्या मधून गाडी मागे घेतली, एकाही खांबाला धक्का नाही. मग पूल. मध्यावर आल्यावर इन्स्पेक्टरांनी वहीवरून डोळे न उचलता म्हटलं, "थांबवा."

थांबवली. आरशात पाहिलं. मागे बस होती. तीच नसेल, पण मला तीच वाटली. भीती वाटली. वाटू दिली. डोळे उघडे ठेवले. क्लच हळू, हळू सोडला. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी थोडी थरथरली, हँडब्रेक खाली केला आणि आम्ही वर निघालो. एक बोटभरही मागे नाही. पुलाच्या माथ्यावर वारा आला, खाली रेल्वेचे रूळ, लांबवर गोपुर. या शहरात मी बावीस वर्षं राहिले, पण आज ते पहिल्यांदा समोरच्या काचेतून, उजव्या बाजूने पाहिलं.

इन्स्पेक्टरांनी वहीत लिहिलं. राणोजीरावांनी टोपी काढून मला नमस्कार केला. मला एवढं अवघडल्यासारखं झालं की मी त्यांना वाकूनच केला.

संध्याकाळी लायसन्सचं पुस्तक हातात आलं. विजयलक्ष्मीबाईंनी खिडकीतून स्वतः दिलं. "या वेळी वळलात," म्हणाल्या. त्यांच्या वेणीतला अर्धा गजरा तोडून मला दिला.

मला माझा अभिमान वाटतोय. हे असं लिहायला संकोच होतो, पण वही माझीच आहे.


१ ऑक्टोबर, बुधवार

अशोकना मी स्टेशनवर सोडलं. पहिल्यांदाच ते डावीकडे आणि मी उजवीकडे. संपूर्ण रस्ता त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. एकदाही ब्रेक म्हणाले नाहीत, म्हणजे फार सोसलं असणार. उतरताना म्हणाले, "गिअर टाकताना तुझा खालचा ओठ बाहेर येतो. बावीस वर्षांत मी हे पाहिलं नव्हतं."

आगगाडी हलली तेव्हा मी रडले नाही. परत एकटीने चालवत आले. आमच्या गल्लीच्या तोंडचा तो खड्डा मला आता माहीत आहे. चाक किती डावीकडून काढायचं तेही. तीनदा पुढे-मागे करून नीट पाहून ठेवलं, शुक्रवारसाठी.


२ ऑक्टोबर, गुरुवार

आई कृष्णवेणींना वर बोलावून सांगत होत्या, "जयवंतीला लायसन मिळालं."

"तुम्हांस?" कृष्णवेणींनी डोळे मोठे केले.

"या घरात जयवंती आहे ना? तिला."

मग पुस्तक दाखवलं. ते परवापासून त्यांच्याच उशाशी आहे. फोटोवरून बोट फिरवत, इंग्रजी अक्षरं एकेक करून लावत नाव वाचलं. "फोटोत जरा बावळट आलीय," म्हणाल्या, "पण चालवते छान. पुलावर वीतभर मागे आली नाही." जणू मागच्या सीटवर बसून त्यांनी पाहिलं होतं.

पण मला हाक मारताना परीक्षेच्या दिवसापासून पुन्हा विद्युलता. काम झालं, संपलं. मी दोन-तीनदा दुसऱ्या खोलीत मुद्दाम थांबून पाहिलं. विद्युलताच. त्याची एवढी हुरहुर का वाटावी? तेही नाव माझंच आहे. अशोक त्याच नावाने पत्र लिहितील. पण तीन आठवडे कुणीतरी मला वीस वेळा शाळेतल्या नावाने हाक मारत होतं आणि मी वळत होते.

आज दुपारी आईंनी फळीवरचा पितळी तांब्या मागून घेतला. पलंगावर बसून चिंचेने घासला, तासभर. ठिपक्यांमधलं काळं सुद्धा काडीने काढलं. मग पाण्याने भरून दाराशी ठेवायला लावला, नाव बाहेरच्या बाजूला.

"उद्या गाडीत हे पाणी घाल."

"तुम्हीच नको म्हणाला होतात, आई."

"तेव्हा तुला चालवता येत नव्हतं."

मी तांब्याकडे बघत बसले. तुळसी. सोळाव्या वर्षी हे नाव घेऊन कुणी मुलगी आली असेल. तिला हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नाही. आईंचा धाकटा भाऊ गेला त्यालाही आठ वर्षं झाली.

उद्या पावणेदहाला निघायचं. त्यांना मागे नीट बसवीन, पाय लांब करीन, दार लावीन. मग किल्ली फिरवायच्या आधी विचारणार आहे. नाहीच म्हणतील. सासूला कुणी नावाने हाक मारतं का, म्हणतील, आणि डोकं ठिकाणावर ठेव, समोर बघ म्हणतील. हे सगळं मला माहीत आहे. तरी वाक्य पाठ करून ठेवलंय: "आई, गाडीत आपण दोघीच असू तेव्हा तुम्ही मला जयवंती म्हणा, आणि मला तुम्हाला एकदा तुळसी म्हणू द्या."